हेवी लायसनचं मेडिकल: चाळिशी ओलांडल्यावर तीन महिने आधी कामाला लागा

लायसन रिन्यूला आलं की आपल्याकडे पहिला फोन एजंटला जातो. एजंट म्हणतो, ‘फोटो आणि आधार पाठवा, मेडिकलचं मी बघतो.’ कागद येतो, त्यावर सही-शिक्का असतो, आणि पुढची काही वर्षं कोणी काही विचारत नाही. पंचविशीत हे खपून जातं. पंचेचाळिशीला मात्र डोळ्याचा नंबर लागलेला असतो, बीपी वर सरकायला लागलेलं असतं आणि शुगर कधी मोजलेलीच नसते. तरीही कागदावर सगळं ‘नॉर्मल’! मग एखाद्या मोठ्या पार्टीच्या, म्हणजे माल देणाऱ्या कंपनीच्या, गेटवर खरं मेडिकल होतं, किंवा घाटात रात्री समोरच्या लाइटने डोळ्यापुढे पांढरं होतं, तेव्हा कळतं.

मी एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात ड्रायव्हरांची कागदपत्रं बघतो. मेडिकलला अडकणारी माणसं बहुतेक अशाच गोष्टींवर अडकतात, ज्या दोन-तीन महिन्यांत आटोक्यात आल्या असत्या. तपासणीच्या सकाळी त्यातलं काहीच सुधारता येत नाही.

कागद कोणता आणि त्यात विचारतात काय

कागद दोन असतात. फॉर्म १ हे तुमचं स्वतःचं घोषणापत्र. फॉर्म १-ए हे डॉक्टरचं प्रमाणपत्र. ट्रान्सपोर्ट लायसनला, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या लायसनला, फॉर्म १-ए लागतोच, मग वय कितीही असो. खाजगी गाडीवाल्यांना तो चाळिशीनंतर लागतो. सरकारने त्यासाठी अधिकार दिलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच तो भरायचा असतो. हल्ली बरेच डॉक्टर तो थेट लायसनच्या सरकारी ‘सारथी’ पोर्टलवर भरतात, तेव्हा डॉक्टर ठरवण्याआधी ‘ऑनलाइन भरता का?’ एवढं फोनवर विचारून घ्या.

फॉर्ममधले प्रश्न मोजकेच आहेत. फिट येतात का, चक्कर येते का, मानसिक आजार आहे का. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा असा त्रास आहे का, जो गाडी चालवताना आड येईल. नजरेत दोष आहे का, असल्यास चष्म्याने तो जातो का. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का. रातांधळेपणा आहे का. हॉर्नसारखे नेहमीचे आवाज ऐकू येतात का. हातापायात व्यंग आहे का. दारू, तंबाखू किंवा नशेच्या पदार्थांची सवय दिसते का. शिवाय अंगावरच्या ओळखीच्या खुणा. रक्तगटाची नोंद तुमच्या इच्छेवर आहे, पण ती करूनच घ्या. हायवेवर कोण कुठे पडेल सांगता येत नाही.

बघा, यात शुगरचा आकडा कुठेच नाही, बीपीचाही नाही. म्हणून ‘फॉर्म भरला म्हणजे तब्येत ठीक’ असं समजू नका. तेलाच्या टर्मिनलवर, केमिकल प्लांटमध्ये किंवा मोठ्या कंपनीच्या ताफ्यात लागायचं असेल, तर तिथलं मेडिकल वेगळं असतं. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानाची मशीनवरची तपासणी, काही ठिकाणी हर्नियासुद्धा बघतात. तयारी करायची तर या दुसऱ्या मेडिकलच्या हिशेबाने करा, पहिलं त्यात आपोआप निघून जातं.

मुदतीचा हिशेब असा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन पाच वर्षांचं झालं, आधी ते तीन वर्षांचं होतं. धोकादायक माल वाहणाऱ्यांना तीन वर्षं मिळतात. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. त्यामुळे लायसनवरची तारीख आजच मोबाइलमध्ये टाका आणि तिच्या तीन महिने आधीचा गजर लावा. ‘पुढच्या खेपेनंतर बघू’ म्हणणाऱ्यांची पुढची खेप संपतच नाही.

पहिलं काम: शुगर, आणि तीही डोळ्यांच्या आधी

लोक आधी चष्म्याच्या दुकानात जातात. क्रम उलटा ठेवा. शुगर वाढलेली असेल तर डोळ्यातल्या भिंगावर तिचा परिणाम होतो आणि नंबर वर-खाली होत राहतो. आज चष्मा केला, औषधाने महिन्याभरात शुगर उतरली, की तोच चष्मा लागेनासा होतो. पैसे वाया, आणि माणूस म्हणतो ‘दुकानदाराने चुकीचा नंबर काढला’.

दोन तपासण्या करा. एक उपाशीपोटी साखर. त्यासाठी रात्रीच्या जेवणानंतर आठ ते दहा तास काही खायचं नाही. पाणी चालतं, चहा चालत नाही, बिनसाखरेचाही नको. १२६ किंवा त्याच्या वर आली तर डॉक्टर दुसऱ्या तपासणीने खात्री करून मधुमेह ठरवतात. १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर. दुसरी एचबीए१सी. ही मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ६.५ किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे धोक्याची हद्द. आधीचे दोन दिवस गोड बंद करून ही तपासणी फसवता येत नाही, आणि तीन महिने आधी सुरुवात करा म्हणतो ते मुख्यतः यासाठीच.

सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या माणसांची बीपी-शुगरची तपासणी मोफत होते. पैसे नाहीत ही अडचण नाही, गाडी उभी असतानाच्या वेळेत तिथे जाणं ही अडचण आहे. मालकाला आधी सांगून सकाळची वेळ मागून घ्या. शहाणा मालक नाही म्हणत नाही, कारण ड्रायव्हर नसला की गाडी उभी राहते.

आधीपासून मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेगळाच धोका असतो, शुगर एकदम खाली जाण्याचा. सकाळी गोळी घेतली, नाक्यावर लाइन लागली, जेवायला दुपारचे तीन वाजले. मग हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. ग्लुकोजची पुडी किंवा साखर सीटवरून हात पोचेल अशा जागी ठेवा, मागच्या पेटीत नको. असं वाटलं की गाडी आधी बाजूला, मग साखर. बरं वाटल्यावरही लगेच स्टार्टर मारू नका, काहीतरी पोटाला खाऊन थोडा वेळ जाऊ द्या. तळपायाला मुंग्या येतात, ब्रेकच्या पॅडलचा अंदाज पूर्वीसारखा येत नाही असं होत असेल तर तेही डॉक्टरला सांगा, मधुमेहात पायाची जाणीव कमी होते.

डोळे

२५ मीटर म्हणजे नक्की किती, हे यार्डात मोजायला टेप लागत नाही. चाळीस फुटी कंटेनर साधारण १२.२ मीटरचा. दोन कंटेनर एकामागे एक उभे धरा आणि त्यापुढे एक ढांग टाका, झाले २५ मीटर. तिथे उभं राहून समोरच्या गाडीची प्लेट वाचा. आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. एक डोळा कमजोर असला तरी दोन्ही उघडे असताना लक्षातच येत नाही, दुसरा डोळा भरून काढतो.

आमच्याकडचे एक जुने ड्रायव्हर प्लेट धडाधड वाचायचे. एकदा मीच त्यांच्यासमोर नवीन आलेली गाडी उभी करायला लावली. ‘एमएच शेहेचाळीस...’ इथपर्यंत ठीक. पुढे ‘आठ आहे की तीन आहे’ यावर अडले, डोळे बारीक केले, मान पुढे काढली. यार्डातल्या जुन्या गाड्यांचे नंबर त्यांना पाठ होते! नंतर तपासलं तर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला निघाला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पुन्हा स्टेअरिंगवर बसले. तेव्हा स्वतःची परीक्षा घ्याल तेव्हा अनोळखी गाडी निवडा.

चाळिशीच्या आसपास जवळचं दिसणं कमी होणं हे सगळ्यांनाच होतं, तो आजार नाही. पावती हातभर लांब धरून वाचता ना, तेच ते. लांबचा नंबर आणि जवळचा नंबर वेगळे काढून घ्या. चष्मा करताना दुकानदाराला ‘मी ट्रक चालवतो’ हे आधी सांगा. डॅशबोर्डचे काटे हाताच्या अंतरापेक्षा थोडे लांब असतात, पुस्तकाच्या नंबरने ते नीट दिसत नाहीत. प्रोग्रेसिव्ह काच (लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत, मधे रेघ नाही) घेतली तर कडेला थोडं धूसर दिसतं, आणि आपण आरशात नेमकं कडेने बघतो. तिची सवय होईपर्यंत मान वळवून बघायला शिकावं लागतं, तोवर रात्रीची गाडी नको. साधी बायफोकल किंवा फक्त लांबचा चष्मा अनेकांना जास्त मानवतो.

काचेला रिफ्लेक्शन कमी करणारं कोटिंग घ्या, त्याचा रात्री खरा उपयोग होतो. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा मात्र केबिनमध्ये फारशा काळ्या होत नाहीत. त्यांना लागणारे अतिनील किरण पुढची काच अडवते. ‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून ढाब्यावर विकतात ते पिवळे गॉगल रात्रीसाठी घेऊ नका. कोणतीही रंगीत काच उजेड कमीच करते. आणि एक जास्तीचा चष्मा गाडीत ठेवा.

मधुमेह असेल तर डोळ्याचा मागचा पडदा वर्षातून एकदा तपासायचा. त्यासाठी थेंब टाकून बाहुली मोठी करतात, मग काही तास अंधुक दिसतं आणि ऊन सहन होत नाही. त्या दिवशी बाइकसुद्धा चालवत जाऊ नका, कोणाला तरी बरोबर घ्या.

रंग ओळखण्याच्या तपासणीची भीती बाळगणारेही भेटतात. ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे ओळखता आले नाहीत म्हणजे लायसन गेलं, असं राहिलेलं नाही. २०२० मध्ये नियम बदलला. सौम्य ते मध्यम रंगदोष असला तरी लायसन मिळू शकतं, तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा असेल तरच अडतं. तेव्हा दुसऱ्याकडून आकडे पाठ करून जायची गरज नाही.

बीपी, आणि ते मोजताना होणारा गोंधळ

बीपीचा आकडा तेवढ्यापुरता चुकीचाही येतो, आणि त्यात बहुतेक वेळा आपलाच हात असतो. दृश्य नेहमीचं. माणूस बसमधून उतरून जिना चढून दवाखान्यात येतो. बाहेर चहा आणि तंबाखू झालेली असते. नंबर लागतो. स्टुलावर बसतो, पाठीला टेकायला काही नाही, हात लोंबता. कंपाउंडर शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजतो, ऑफिसमधून विचारतात ‘गाडी लागली का?’ आणि हा उत्तर देत असताना मशीन फुगत असते. आकडा येतो १५८ / ९६. माणूस घाबरतो, दुसऱ्यांदा अजून जास्त येतो.

बरोबर पद्धत साधी आहे. अर्धा तास आधी चहा, बिडी, तंबाखू काही नाही. लघवी करून या. खुर्चीला पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, पाच मिनिटं गप्प बसा. बाही वर करून उघड्या दंडाला पट्टा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. फोन बंद. मिनिटभराने पुन्हा मोजायला सांगा. यातली एकेक गोष्ट चुकली की आकडा वाढतो आणि सगळ्या मिळून चांगला फरक पाडतात. डॉक्टरला ‘साहेब, जरा बसू का पाच मिनिटं?’ म्हणायला लाजू नका.

एवढं करूनही वेगवेगळ्या दिवशी १४० / ९० च्या वर येत असेल तर ते बीपीच आहे, ‘दवाखान्यात आल्यावर वाढतं’ म्हणून सोडून देऊ नका. घरी मशीन असेल तर आठवडाभर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरसमोर ठेवा. औषध बसायला काही आठवडे जातात. डोस कमी-जास्त करावा लागतो, पहिल्या दिवसांत एखाद्याला चक्कर येते, पाय सुजतात. हे सगळं मेडिकलच्या आदल्या आठवड्यात नको. गोळी चालू असलेल्याने तपासणीच्या सकाळी ती पाण्याबरोबर घ्यायची. ‘रिकाम्या पोटी जायचंय’ म्हणून बीपीची गोळी चुकवणारे दर वर्षी दिसतात. शुगरच्या गोळीचं मात्र उलट आहे. उपाशी असताना ती कधी घ्यायची, हे आधी डॉक्टरला विचारा.

आता एक गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी गोळी घेऊन रोज खाणारे ड्रायव्हर खूप आहेत. अशा वेदनाशामक गोळ्यांनी बीपी वाढतं, किडनीलाही त्रास होतो. सर्दीच्या काही गोळ्यांनीही बीपी वर जातं, आणि वरून झोप येते. सुरू असलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट एका पिशवीत घाला आणि पिशवीच डॉक्टरसमोर पालथी करा. काढे, भस्मं, ‘ताकदीची’ पावडर सगळं त्यात आलं.

मिठाचं सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगतो. ढाब्यावर जेवताना लोणचं, पापड आणि वरून टाकलेलं मीठ एवढं सोडलं तरी फरक पडतो. जेवण बदलायला सांगून कोणी बदलत नाही, ताटातल्या या तीन गोष्टी सोडणं जमतं.

घोरणं आणि झोप

फॉर्ममध्ये घोरण्याबद्दल प्रश्न नाही, पण माझ्या मते ट्रक ड्रायव्हरसाठी तो पहिला असायला हवा होता. झोपेत श्वास अडकतो, माणूस दचकून अर्धवट जागा होतो, पुन्हा झोपतो, असं रात्रभर चालतं. सकाळी आठ तास झोपूनही डोकं जड. दुपारी सरळ रस्त्यावर डुलकी. स्वतःला हे कळत नाही. बायकोला विचारा, नाहीतर क्लीनरला विचारा, तो केबिनमध्ये शेजारी झोपतो. ‘मधेच आवाज बंद होतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो’ असं तो म्हणाला तर कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरकडे जा. मान जाड असेल, शर्टाची कॉलर १७ इंच किंवा त्याच्या वर लागत असेल, पोट सुटलेलं असेल आणि बीपी गोळीने उतरत नसेल, तर शंका जास्तच. झोपेची तपासणी बऱ्याच वेळा घरीही होते. उपचार आहेत, आणि बीपीसुद्धा सुधारू शकतं.

ड्यूटीच्या बाजूने बघायचं तर मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं त्या जुन्या कायद्यात होतं. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

बाकीचं थोडक्यात

जिना चढताना छातीत दाब येतो, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखतं, तर ते ‘गॅस’ म्हणून दाबू नका. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे हृदय ठीकच, असंही नसतं. पुढची तपासणी लागेल का ते डॉक्टर ठरवतील. कानात मळ असेल तर आधी काढून घ्या, काडी घालू नका. आमच्याकडे खिडकीच्या बाजूचा उजवा कान आधी दमलेला दिसतो. तंबाखू मळणाऱ्यांनी तोंड उघडून दाखवा. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील किंवा पांढरा चट्टा असेल तर ते मेडिकलपेक्षा मोठं काम आहे. आदल्या रात्री दारू अजिबात नको, सकाळी वास येतोच.

फिट आलेली असेल तर मात्र स्पष्ट बोलतो. लपवू नका आणि हेवी गाडी हातात घेऊ नका. क्लीनरने, पोरांनी, रस्त्यावरच्या माणसांनी काय पाप केलंय?

त्या दिवशी, आणि अडलं तर

रात्रपाळीवरून थेट जाऊ नका, एक पुरी झोप घेऊन जा. चष्मा, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, लायसन, आधार, फोटो. विचारलं तेवढं खरं सांगा. ‘बीपी आहे, ही गोळी चालू आहे, हे महिन्याभराचे आकडे’ असं सांगणाऱ्याला डॉक्टर सहसा अडवत नाही. ‘काहीच नाही’ म्हणणाऱ्याचा आकडा १७० निघाला की डॉक्टरचाही विश्वास उडतो.

डॉक्टरने सही थांबवली तर भांडू नका, ‘काय सुधारून परत येऊ?’ एवढं विचारा आणि लिहून घ्या. सही देणारा दुसरा डॉक्टर शोधणं सोपं आहे, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ प्रमाणे शरीराने किंवा मनाने गाडी चालवायला लायक नाही हे माहीत असून चालवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी १,००० रुपये दंड, पुन्हा सापडलात तर २,०००. आरटीओने स्वतः नूतनीकरण नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर ३० दिवसांत अपील करता येतं.

प्रमाणपत्र मिळालं की त्याचा आणि सगळ्या रिपोर्टांचा फोटो काढून एक प्रत घरी पाठवा. गोळ्यांची नावं आणि रक्तगट लिहिलेला कागद लायसनच्या पाकिटात ठेवा. बीपी-शुगर पुढच्या रिन्यूची वाट न बघता दर तीन महिन्यांनी मोजा, आणि लांबच्या खेपेला निघताना गोळ्या खेपेच्या दिवसांपेक्षा चार जास्तच घ्या. बंदरावर कंटेनर अडकला तर तिथे मेडिकलचं दुकान शोधत फिरायला कोणी सोडत नाही.